देवासला की देवासहून? एका निवेदनातल्या भूतकाळाची तपासणी

प्रकरण एका छोट्या वाक्याचं आहे: ‘द ड्रायव्हर लेफ्ट देवास ॲट फाइव्ह.’ लिहिणारीला म्हणायचं होतं, ड्रायव्हर पाच वाजता देवासला निघाला. वाचणाऱ्यानं वाचलं, ड्रायव्हर पाच वाजता देवासहून निघाला. व्याकरण पाहिलं तर वाक्यात कुठेही बोट ठेवायला जागा नाही, आणि तीच अडचण झाली.

लिहिणारी इंदूरच्या रामबागेतली, आमच्याच गल्लीतली. पीथमपूरच्या एका लहान कंपनीत डिस्पॅच सांभाळते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि कॉम्प्युटरसमोर बसली की इंग्रजी, असा तिचा दिवस. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, आता संध्याकाळी नोकरी करणाऱ्या मुलामुलींना शिकवते. ती माझ्या वर्गाला नियमित येत नाही, पण अडलं की कागद घेऊन येते. या वेळचा कागद विमा कंपनीचा होता. तिच्या परवानगीनं, नावं वगळून, हे सगळं इथे मांडते आहे.

घडलं ते असं. जुलैतली दुपार. पीथमपूरच्या गोदामात ट्रक लागला, त्यात साठ कार्टन भरले. ट्रक पूर्ण यांचा नव्हता, अर्ध्या भागात दुसऱ्या पार्टीचा माल होता. बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, उशिरा आली. पाच वाजता गाडी देवासच्या गोदामाकडे निघाली. पीथमपूरहून निघालं की राऊजवळ बायपास धरायचा आणि मांगलियावरून देवास गाठायचं, हा नेहमीचा रस्ता. पाऊस तीन वाजल्यापासून होता. मांगलियाजवळ एक मोटरसायकलवाला आडवा आला, ड्रायव्हरनं ओरडून त्याला सावध केलं, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी डिव्हायडरला धडकली. ताडपत्री फाटली, कार्टन भिजले. माणसं सुखरूप.

विमा होता. गंमत अशी की रस्त्यानं जाणाऱ्या मालाच्या विम्यालाही आपल्याकडे ‘मरीन’ म्हणतात, समुद्र कितीही लांब असो. त्यांच्या पॉलिसीप्रमाणे माल देवासच्या गोदामात उतरेपर्यंत संरक्षण होतं. सर्वेअरनं, म्हणजे नुकसानाची पाहणी करणाऱ्या माणसानं, लेखी निवेदन मागितलं. तिनं इंग्रजीत लिहून पाठवलेलं निवेदन देवनागरीत उतरवते:

‘द ट्रक रीच्ड अवर गोडाउन ॲट टू. वुई लोडेड द ट्रक विथ सिक्स्टी कार्टन्स. आय गेव्ह द पेपर्स टू द ड्रायव्हर टिल फोर-थर्टी. द ड्रायव्हर लेफ्ट देवास ॲट फाइव्ह. इट वॉज रेनिंग सिन्स टू आवर्स. निअर मांगलिया ही शाउटेड टू अ मोटरसायकल मॅन अँड हिट टू द डिव्हायडर. द टारपॉलिन वॉज टोर्न अँड द कार्टन्स वेअर डॅमेज्ड. आय आस्क्ड फ्रॉम द ड्रायव्हर अँड ही टोल्ड टू मी एव्हरीथिंग. आय हॅव इन्फॉर्म्ड टू यू ऑन द सेम नाइट.’

उत्तरात तीन प्रश्न आले. ट्रक पाच वाजता देवासहून निघाला असेल तर तो परत येत होता. मग माल देवासला उतरवला का नाही? ट्रक तुमच्या साठ कार्टननी भरला होता, तर त्याच ट्रकवर दुसऱ्या पार्टीची बिल्टी कशी? आणि कागद साडेचारपर्यंत देत होतात म्हणजे नेमकं काय, एकदा दिले की अनेकदा?

ती घाबरून आली. ‘काकू, मी खोटं लिहिलंय असं वाटतंय त्यांना.’

सर्वेअरला दोष द्यायला मी तयार नाही. मांगलिया इंदूर आणि देवास यांच्या मधे येतं, जातानाही आणि येतानाही. देवासहून पाचला निघून पावसात साडेसहाला मांगलियाजवळ असणं अशक्य नाही. डिव्हायडरच्या कुठल्या अंगाला गाडी होती ते पाहायला कोणी थांबलं नव्हतं. त्यानं ट्रक पाहिला तो दुसऱ्या दिवशी, गॅरेजात. त्याच्या हाती फक्त वाक्य होतं, आणि वाक्य स्पष्ट होतं.

मी तिला पहिला कच्चा खर्डा दाखवायला सांगितलं. फोनमध्ये होता. त्यात होतं: ‘द ट्रक रीच्ड टू अवर गोडाउन’ आणि ‘द ड्रायव्हर लेफ्ट टू देवास’. मग तिच्या साहेबांनी ‘रीच्ड टू’वर लाल रेघ मारली होती: रीचपुढे टू येत नाही. साहेबांचं बरोबर. पण तिनं तोच नियम खालच्या ओळीत स्वतःहून लावला आणि ‘लेफ्ट’पुढचा टूही पुसून टाकला.

या प्रकरणाचं मर्म इथे आहे. ‘लेफ्ट टू देवास’ हे चुकीचं इंग्रजी आहे, पण ते वाचून जगातला कुठलाही माणूस गाडी देवासकडे गेली असंच समजेल. ‘लेफ्ट देवास’ हे निर्दोष इंग्रजी आहे आणि त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. चूक दुरुस्त केल्यामुळे वाक्य शुद्ध झालं आणि साक्ष खोटी झाली. आपल्या वर्गांमध्ये, माझ्या पिढीच्या तर नक्कीच, सगळा राग निरुपद्रवी चुकांवर निघायचा. ‘डिस्कस्ड अबाउट’ म्हणालात की उभं राहा. ‘एंटर्ड इन द रूम’ म्हणालात की वही परत. या दोन्हींनी आजवर कुणाचा गैरसमज झालेला नाही. ‘लेफ्ट’ आणि ‘लेफ्ट फॉर’, ‘टिल’ आणि ‘बाय’, यांत मात्र माणूस फसतो, आणि ते आम्ही तक्त्यात एका ओळीत उरकायचो.

‘लेफ्ट’चा हिशेब असा. त्याच्या लगोलग जे गाव येतं ते सुटलेलं गाव. जिथे जायचं ते ‘फॉर’नं जोडायचं. ‘फ्रॉम’ येतो तो बहुधा नेमकं कुठून गाडी सुटली हे सांगायला: ‘द बस लेफ्ट फ्रॉम सरवटे.’ (सरवटे म्हणजे इंदूरचा बसस्टँड.) तिन्ही एका वाक्यात बसतात: ‘वुई लेफ्ट इंदूर फॉर उज्जैन फ्रॉम सरवटे.’ आणि हे काळावर अवलंबून नाही. लीव्हज फॉर, लेफ्ट फॉर, हॅड लेफ्ट फॉर, डिड नॉट लीव्ह फॉर: क्रियापदाचं रूप कितीही फिरलं तरी ‘फॉर’ जागचा हलत नाही. बऱ्याच मुलांची समजूत असते की भूतकाळ झाला की प्रिपोझिशनही बदलत असेल. तसं नाही. ठिकाणाचं आणि दिशेचं प्रिपोझिशन क्रियापदाच्या अर्थाशी बांधलेलं असतं, काळाशी नाही.

मग तिनं मुळात ‘टू’ का घातला होता? कारण मराठी. ड्रायव्हर देवासला निघाला, देवासला पोचला, देवासला थांबला, देवासला राहतो. आपला ‘ला’ चारही ठिकाणी बिनतक्रार काम करतो. इंग्रजीत चार वेगळे हिशेब: लेफ्ट फॉर, नुसतं रीच्ड, स्टॉप्ड ॲट, लिव्ह्ज इन. ‘ला’ म्हणजे ‘टू’ हे समीकरण आपण दुसरी-तिसरीत पाठ करतो आणि ते चारपैकी एकाही ठिकाणी चालत नाही.

इंदूरच्या मराठी माणसाकडे इथे एक जादा साधन असतं, पण त्याकडे लक्ष जात नाही. हिंदीत आपण म्हणतो ‘देवास के लिए निकला’. ‘के लिए’ म्हणजे ‘फॉर’. ‘देवास से निकला’ वेगळं, ‘देवास पहुँचा’ला काहीच लागत नाही, जसं ‘रीच्ड’ला लागत नाही. म्हणजे हे एक वाक्य तिनं मनात हिंदीत जुळवलं असतं तर बरोबर आलं असतं! ती म्हणाली, ‘ऑफिसात तर मी हिंदीतच विचार करते.’ मग निवेदन? ते घरी बसून लिहिलं होतं, आईला वाचून दाखवत.

पण हिंदीवर सगळा भार टाकता येत नाही. ‘आस्क्ड फ्रॉम द ड्रायव्हर’ हे थेट ‘ड्राइवर से पूछा’ आहे. पुण्यातला विद्यार्थी ‘त्याला विचारलं’वरून ‘आस्क्ड टू हिम’ लिहितो, इंदूरचा ‘आस्क्ड फ्रॉम हिम’. मी वर्षानुवर्षं वह्या तपासल्या आहेत. आमच्याकडे एकाच मुलाच्या एकाच पानावर दोन्ही सापडतात. इंग्रजीला दोन्ही नको, नुसतं ‘आस्क्ड हिम’. ‘टोल्ड टू मी’चंही तेच: टोल्डला माणूस थेट लागतो, ‘टू’ हवा असेल तर ‘सेड टू मी’. ‘इन्फॉर्म्ड टू यू’ही त्याच घरातलं. या तीन चुका मी दुरुस्त केल्या, पण सर्वेअरनं त्यांच्यावर एक शब्दही काढला नव्हता हे तिला मुद्दाम दाखवलं.

इंग्रजीत हे असं का, तर नामाला विभक्तीचे प्रत्यय जवळजवळ उरलेले नाहीत म्हणून. जुन्या इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्ती होत्या. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं, त्याच्या मागच्या-पुढच्या शतकांत त्या झिजत गेल्या, आणि त्यांचं काम शब्दांचा क्रम आणि प्रिपोझिशन यांच्यावर येऊन पडलं. मराठीत ‘देवास’ वाक्यात कुठेही ठेवा, ‘ला’ नाहीतर ‘हून’ त्याच्या अंगावरच असतो. इंग्रजीतल्या ‘देवास’च्या अंगावर काहीच नाही. तो ‘लेफ्ट’ला चिकटून उभा राहिला की सुटलेलं गाव झाला.

आता दुसरा प्रश्न, ट्रक भरण्याचा. हा मला जास्त रंजक वाटतो, कारण इथे प्रिपोझिशन चुकलेलं नव्हतंच. ‘लोडेड द ट्रक विथ सिक्स्टी कार्टन्स’ हे इंग्रजी शुद्ध आहे. ‘लोडेड सिक्स्टी कार्टन्स ऑन द ट्रक’ हेही शुद्ध आहे. फरक इतकाच की पहिल्यात क्रियापदाचं कर्म ट्रक आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला ट्रक भरून गेल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात कर्म कार्टन आहेत. ते सगळे चढले एवढंच कळतं, ट्रकात जागा उरली की नाही याबद्दल वाक्य गप्प आहे. मराठीतही ‘ट्रक कार्टननी भरला’ आणि ‘ट्रकमध्ये कार्टन भरले’ यांत हाच फरक आहे, म्हणून तिला हे लगेच पटलं. पार्ट लोडच्या गाडीसाठी दुसरं वाक्य हवं होतं.

तिसरा प्रश्न ‘पर्यंत’चा, आणि इथे मराठी-हिंदी दोन्ही दगा देतात. ‘साडेचारपर्यंत थांबले’ आणि ‘साडेचारपर्यंत कागद दिले’: आपल्याला दोन्हीकडे ‘पर्यंत’, हिंदीत दोन्हीकडे ‘तक’. इंग्रजी इथे विचारतं, क्रिया त्या वेळेपर्यंत चालू राहिली, की त्या वेळेच्या आत एकदाची आटोपली? चालू राहिली तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’: ‘आय वेटेड अन्टिल फोर-थर्टी.’ आटोपली तर ‘बाय’, आणि भूतकाळातल्या कथनात ‘बाय’ आला की बहुतेक वेळा मागून ‘हॅड’ येतो: ‘बाय फोर-थर्टी आय हॅड गिव्हन हिम द पेपर्स.’ ‘गेव्ह… टिल फोर-थर्टी’ लिहिल्यामुळे ती साडेचार वाजेपर्यंत कागद देतच बसली होती असं चित्र उभं राहिलं. सर्वेअरला शंका आली असेल की कागद बदलले, दुसरे बनवले, असलं काहीतरी. विम्याच्या माणसाला शंका येणं हे त्याचं कामच आहे.

ठिकाणाच्या प्रिपोझिशनला काळाशी देणंघेणं नाही असं मी वर म्हटलं, पण वेळेच्या प्रिपोझिशनचा कारभार निराळा. ती क्रियापदाचा काळ निवडतात. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो, तीन वाजल्यापासून, ‘फॉर’ला लांबी लागते, दोन तास. ‘सिन्स टू आवर्स’ त्यामुळे बसत नाही. आणि कथन भूतकाळात असताना, त्या क्षणाच्या आधीपासून चालत आलेलं काही सांगायचं तर नुसतं ‘वॉज रेनिंग’ पुरत नाही: ‘इट हॅड बीन रेनिंग सिन्स थ्री’, किंवा ‘फॉर टू आवर्स’. मराठीत ‘दोन तासांपासून पाऊस पडत होता’ म्हटलं की झालं, वेगळं रूप लागत नाही. तिचं शेवटचं वाक्य याच्या उलट बाजूनं बिघडलं होतं. ‘ऑन द सेम नाइट’ म्हणजे संपलेली, नाव सांगता येण्याजोगी वेळ. तिच्यासोबत ‘हॅव इन्फॉर्म्ड’ नांदत नाही. साधा भूतकाळ: ‘आय इन्फॉर्म्ड यू दॅट नाइट.’ ऑफिसच्या पत्रांत हा ‘हॅव’ आदरार्थी असल्यासारखा जागोजागी पेरलेला असतो. तो आदराचा नाही.

एका ठिकाणी तिचं लिहिलेलं मी हट्टानं ठेवलं. ‘शाउटेड टू अ मोटरसायकल मॅन’ पाहून तिच्या ऑफिसातला एक जण म्हणाला होता, शाउटपुढे ‘ॲट’ येतो. येतो, रागावून ओरडलं तर. दुरून काही सांगायला, सावध करायला हाक मारली तर ‘टू’. त्या मित्राचं ऐकलं असतं तर निवेदनात ड्रायव्हर भांडखोर झाला असता, आणि भांडणाच्या भरात गाडी ठोकली असा चौथा प्रश्न आला असता. ‘थ्रो’चंही (फेकणे) असंच आहे: चेंडू ‘टू’ फेकला तर झेलायला, ‘ॲट’ फेकला तर मारायला. मी ‘मोटरसायकल मॅन’च्या जागी ‘मोटरसायक्लिस्ट’ घातलं, ‘टू’ला हात लावला नाही. ‘हिट टू’मधला मात्र काढला, ‘हिट’ला कर्म थेट लागतं.

ताडपत्रीच्या वाक्याबद्दल थोडं. ‘वेअर डॅमेज्ड’ कशानं, हे तिनं लिहिलंच नव्हतं, कारण ‘पाण्यानं’साठी फ्रॉम, विथ की बाय, ते सुचेना म्हणून गाळलं. ज्यानं नुकसान केलं त्याला ‘बाय’: ‘डॅमेज्ड बाय रेनवॉटर’. जे वापरून झाकलं त्याला ‘विथ’: ‘कव्हर्ड विथ अ टारपॉलिन’. आपला ‘नं’ दोन्ही करतो. प्रिपोझिशन अडलं म्हणून माहितीच गाळायची ही सवय मला चुकीच्या प्रिपोझिशनपेक्षा वाईट वाटते. माल कशानं खराब झाला हेच विम्याच्या निवेदनात नसेल तर उरलं काय?

दुरुस्तीसाठी आम्ही व्याकरणाचं पुस्तक उघडलं नाही. आधी एका कागदावर उभी रेघ मारून वेळा लिहिल्या: दोन, तीन, साडेचार, पाच, साडेसहा. प्रत्येक वेळेसमोर काय झालं ते मराठीत. मग प्रत्येक हालचालीला बाण, कुठून कुठे. बाण काढताना ‘लेफ्ट’ आपोआप उघडा पडला: ‘काकू, इथे तर पीथमपूर लिहिलंच नाही मी!’ खरंच, पहिल्या निवेदनात पीथमपूरचं नाव कुठेही नव्हतं. ते असतं, ‘लेफ्ट पीथमपूर फॉर देवास’ असं, तर एवढा घोळ झालाच नसता. माझा आग्रह आता हाच असतो: निघाल्याचं लिहायचं तर दोन्ही गावं लिहा.

नवं निवेदन असं झालं: ‘द ट्रक रीच्ड अवर पीथमपूर गोडाउन ॲट टू. वुई लोडेड सिक्स्टी कार्टन्स ऑन इट. द रेस्ट ऑफ द ट्रक कॅरीड अनदर पार्टीज गुड्स. द लोड वॉज कव्हर्ड विथ अ टारपॉलिन. आय वेटेड फॉर द बिल्टी, अँड बाय फोर-थर्टी आय हॅड गिव्हन ऑल द पेपर्स टू द ड्रायव्हर. ॲट फाइव्ह ही लेफ्ट पीथमपूर फॉर देवास. इट हॅड बीन रेनिंग सिन्स थ्री. निअर मांगलिया, ॲट अबाउट सिक्स-थर्टी, अ मोटरसायक्लिस्ट केम इन फ्रंट ऑफ द ट्रक. द ड्रायव्हर शाउटेड टू हिम, टर्न्ड, अँड हिट द डिव्हायडर. द टारपॉलिन वॉज टोर्न अँड द कार्टन्स वेअर डॅमेज्ड बाय रेनवॉटर. आय इन्फॉर्म्ड यू दॅट नाइट.’

‘वेटेड फॉर’कडे लक्ष द्या. आपण बिल्टीची वाट ‘पाहतो’, थेट, म्हणून आपल्या मुलांचा इथला ‘फॉर’ गळतो. साहेबांनी शेवटी एक वाक्य जोडायला सांगितलं, ‘धिस इज द बिल्टी आय वेटेड फॉर’, आणि मग स्वतःच त्यातला ‘फॉर’ खोडला, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको म्हणून. हा दंडक बराच जुना. इंग्रज कवी ड्रायडननं १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या अशा वाक्याला नाव ठेवलं होतं आणि शाळामास्तरांनी ते पुढे चालवलं. बोलणाऱ्या इंग्रजांनी कधी पाळलं नाही. ‘फॉर’ काढला तर वाक्य मोडतं, ठेवला तर फक्त ड्रायडन नाराज होतो. आम्ही ते वाक्यच वगळलं, कारण बिल्टीची प्रत सोबत जोडलेलीच होती.

सोबत ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची सरकारी ऑनलाइन नोंद, आणि बायपासच्या टोलवरची फास्टॅगची नोंद दिली. दिशा, दुसऱ्या पार्टीचा माल आणि कागदांची वेळ, तिन्ही प्रश्न सर्वेअरनं मागे घेतले. आता त्याचा नवा प्रश्न आहे की ताडपत्री फाटण्याआधीच जुनी आणि विरलेली होती का. त्याचं उत्तर ट्रकमालकाकडे आहे, आणि तो मागच्या आठवड्यापासून फोन उचलत नाही.